काकांचे आठ फूट

"हात तर लावून पाहाय बे! लाव हात! तुह्या मशीनच्या पंजाले लोंबकळत घरी जाईन आज मी, पण भिंत पाडू देणार नाई!"

आवाज पंपघराच्या आतून येत होता. दाराला आतून कडी. खिडकीच्या गजांमधून एक चष्मा, एक नाक आणि एक रोखलेलं बोट एवढंच बाहेर दिसत होतं. बाहेर जेसीबी उभा होता, पंजा वर करून, उत्तर येत असलेल्या पोरासारखा. त्याचा ड्रायव्हर शहराबाहेरच्या उरल्याकडचा, अतिशय शांत माणूस. त्याने केबिनमधून मान काढून मला विचारलं, "मसीन ला बंद करँव के चालू राखँव, साहेब?"

"बंद करो भैया," मी म्हणालो.

"बंद नाई करायची!" आतून गर्जना झाली. "चालूच राहू दे! शांततेत ओरडलं तं लोक म्हणतात म्हातारा येडा झाला. मशीन चालू असली की मले मोकळं बोलता येते!"

ड्रायव्हरने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "हव कका" म्हणाला आणि मशीन चालू ठेवली.

माझ्या शेजारी मोठे साहेब उभे होते. मोठे साहेब म्हणजे आमच्या खात्यातले या कामावरचे वरिष्ठ इंजिनियर. मी त्यांच्या हाताखालचा ज्युनियर. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "क्या चाहते हैं ये?"

"सर, कह रहे हैं नया फ्लोर डूब जाएगा. उस दिन आठ फीट पानी आया था, बोल रहे हैं."

साहेब हसले. "आठ? मतलब चार."

आणि मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते, पण ती पुढे यायची आहे. आधी काका.

काकांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ते तात्यापाऱ्यातल्या आपल्या ओट्यावरून "काहून बे?" म्हणून ओ देतील आणि तुम्ही जिथे बसून वाचत असाल तिथल्या काचा तडकतील. सगळं शहर त्यांना पंपवाले काका म्हणायचं. तीस वर्षांहून जास्त ते त्या एकाच पंपघरात चालक होते. शहराचा मोठा नाला जिथे खारून नदीला मिळतो, तिथे ते पंपघर. नदी खाली असली की पावसाचं पाणी नाल्यातून आपोआप नदीत उतरतं. नदी चढली की तीच नाल्यातून उलटी वर येते आणि काठच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, लोकांच्या चुलीत शिरते. अशा वेळी नाल्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक पाडायचं आणि आत अडकलेलं पाणी मोटारींनी उचलून फाटकावरून नदीत फेकायचं. काकांचं काम एवढंच. पण काकांच्या तोंडून ऐकलंत तर वाटेल, गोवर्धन एका करंगळीवर उचलणाऱ्याला निदान दुसरा हात मोकळा होता, काकांना तोही नव्हता.

अंगाने माणूस म्हणजे उदबत्ती. उंची पाच फुटांच्या जरा वर. पण आवाज! तीन मोटारींच्या घरघरीवर आयुष्यभर बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच उरलं नव्हतं. ते देवळात मनातल्या मनात आरती म्हणत, ती पुढच्या पाऱ्यात ऐकू जाई आणि तिथले लोक टाळ्यांनी ताल धरत. एका लग्नात त्यांनी वरबापाच्या कानात, अगदी कानाला तोंड लावून, "पोरगी सावळी आहे, पण घर चांगलं आहे" असं सांगितलं. बँडवाले थांबले. पोरीने हातातली माळ खाली ठेवली. ते लग्न पुढे झालं, पण काकांना जेवायला वेगळ्या पंगतीत, रस्त्याच्या पलीकडे बसवलं. त्यांचा मुलगा तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहतो, बापाशी हिंदीत बोलतो. खरं तर दोनच शब्द बोलतो, "पापा, धीरे."

मोटारींशी मात्र ते अदबीने वागत. तीन मोटारी होत्या. सगळ्यात जुनीला ते 'आपण' म्हणत, मधलीला 'तुम्ही' आणि सगळ्यात नवीला 'तू'. बटण दाबण्याआधी जुनीसमोर जरा वाकून, "आपण उठता का? पाणी आलं आहे." मधलीला, "तुम्ही पण घ्या चालू करून." आणि नवीला लाथ. "ऊठ बे!" नवी म्हणजे अठरा वर्षांची. एकदा मी, कागदावर त्यांचा साहेब असल्याच्या तोऱ्यात, जुनीचं बटण न वाकता दाबलं. ती चालू झाली नाही. काकांनी मला बाजूला सारलं, वाकले, माफी मागितली, आणि ती चालू झाली. कारण काय असेल ते असो. वायर सैल असेल. पण तेव्हापासून मीही वाकतो. नव्या ठिकाणीसुद्धा.

आमचं घर त्यांच्या गल्लीतलंच. त्यामुळे ऑफिसात मी 'साहेब', फोनवर 'इंजिनियर बाबू' आणि समोर दिसलो की 'पोट्ट्या'. दोन्हीकडची घराणी भोसल्यांच्या काळात नागपूरकडून इकडे आलेली. काका म्हणत, त्यांचे पूर्वज चाळीस हजार घोडेस्वारांच्या पुढे, झेंडा घेऊन होते. माझे वडील म्हणत, मागे होते, घोड्यांना दाणा घालत. खरं काय ते मधे कुठेतरी असेल.

हे 'मधे कुठेतरी' आमच्या खात्यात फार महत्त्वाचं. काका जे सांगत ते खोटं नसे, फुगलेलं असे. एका पावसाळ्यात मोटार इतकी तापली की नदीच्या बाजूला रोहू मासा शिजूनच बाहेर पडला, "फक्त मीठ कमी होतं." एकदा पंपाने नाल्यातून एक सोफा खेचला, त्यावर माणूस बसलेला होता आणि तो जागा झाला नाही. एका वर्षी काकांनी इतकं पाणी फेकलं की खारून उलटी वाहिली आणि पलीकडच्या दुर्ग जिल्ह्यातल्या लोकांनी लेखी तक्रार केली. तक्रार दाखवा म्हटलं तर, "पाण्यात भिजली."

म्हणून खात्यात एक रीत पडली होती. ती कुणी सुरू केली माहीत नाही. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी आमच्या बड्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कांनी, मला खुर्ची, टेबल आणि फोन दाखवला आणि म्हणाले, "बारिश में काका का फोन आएगा. जितना बोलें, उसका आधा लिखना." झालं माझं प्रशिक्षण. पावसाळ्यात दर तासाला काकांचा फोन येई. "नाल्यात दहा फूट!" मी लिहायचो पाच. "फाटकाबाहेर बारा!" सहा. ही रीत इतकी मुरली होती की समोरचा चहावाला काकांनी चार चहा सांगितले की दोनच पाठवी, आणि दोनच लागत. घरी काकू तर त्यांच्या लग्नापासूनच ही रीत पाळत होत्या. काका म्हणाले, "आज बारा पोळ्या खाईन," की काकू सहा पोळ्यांची कणीक मळत, आणि शेवटची पोळी उरे.

आणि खरी गंमत पुढे आहे. या रीतीने लिहिलेली आमची वही, शपथेवर सांगतो, बरोबर निघायची. एका वर्षी मी मुद्दाम दोन-तीनदा जाऊन टेप लावून पाहिलं. काकांचे अर्धे फूट आणि टेपचे फूट दर वेळी जुळले. बोटभर फरक नाही. तेव्हा मला वाटलं, काय हुशार आहोत आम्ही लोक! यांची फुगवण्याची सवय आम्ही कशी बरोबर मोजली!

मग ती नदी आली.

पाऊस तीन दिवस पडत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खारून फाटकाच्या बाजूने आत आली नाही, तर फाटकावरूनच आली. पंपघर सखल जागी. आधी जुनी मोटार बुडाली, मग मधली, मग 'तू'. काठच्या पाऱ्यातले लोक शाळेच्या वरच्या मजल्यावर गेलेले. काकांनी वीज तोडली आणि बाहेरच्या लोखंडी शिडीने छपरावर चढले. ती शिडी सरकारी मापाची, एक फुटाला एक दांडा. छपरावरून त्यांनी मला फोन केला.

मी नेहमीसारखा रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. काही ऐकू येईना. जवळ आणला. तरी येईना. शेवटी कानाला घट्ट लावला तेव्हा कळलं की काका बोलत आहेत. हळू.

"आठ फूट आहे," ते म्हणाले. "पंपघरात. आठ."

"हो काका. तुम्ही बसून राहा, नाव पाठवतो." आणि मी वहीत लिहिलं, चार.

हळू आवाजावरून मला कळायला हवं होतं. शहरातल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. पण माझा हात सवयीचा. हाताला कान नसतात.

नाव गेली, काका उतरले. शिडी नदी घेऊन गेली, काकांच्या हिशोबाने थेट बंगालच्या उपसागरात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, आणि चौथ्या दिवशी पाहणीला कुणी मोठे येणार असल्याचा निरोप आला. मग काय विचारता! एका सकाळी सगळं खातं बादल्या घेऊन पंपघरावर तुटून पडलं. गाळ खरवडला, भिंती आतून-बाहेरून छतापर्यंत चुन्याने पांढऱ्याशुभ्र केल्या. बुडालेलं पंपघर असं चमकत होतं की पाहुणे म्हणाले, "यहाँ तो कुछ हुआ ही नहीं." मोटारी मेल्या होत्या, पण लाजिरवाण्या नव्हत्या. भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं, ती गाळाची रेघ मात्र चुन्याखाली गेली.

पुढे ठरलं की पंपघर पाडून नवं बांधायचं. आता नव्या पंपांच्या मोटारी पाण्यात बुडूनच चालतात, त्यांना पुराची भीती नाही. भीती असते ती त्यांना वीज देणाऱ्या पॅनेलची. पॅनेल बुडलं की सगळं ठप्प, आणि मग पारा पुन्हा शाळेच्या वरच्या मजल्यावर. म्हणून पॅनेलच्या खोलीची फरशी मागच्या पुराच्या पातळीपेक्षा वर हवी. नकाशे काढणाऱ्या सल्लागाराने फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, पुराची उंची. काठावरच्या घरांवर खुणा होत्या, पण घरं वरखाली, कुणाची कुठे. पंपघराची उंची माझ्या वहीत होती. मी भरलं, चार फूट. सल्लागाराने वर दोन फूट सुरक्षेसाठी ठेवले. फरशी सहा फुटांवर ठरली.

मधल्या वर्षात काकांच्या छपरावरच्या गोष्टी वाढत गेल्या. पहिल्या महिन्यात त्यांच्यासोबत छपरावर एक साप होता. दिवाळीपर्यंत चार झाले. होळीला सोळा, आणि त्यातला एक काकांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. छपरावर काढलेले सहा तास अठरा झाले. नाव आणणारे दोघे होते, ते पलटण झाले. सगळं वाढलं. फक्त पाणी वाढलं नाही. ते पहिल्या दिवशी आठ फूट होतं, होळीलाही आठ. काकांच्या आयुष्यातला न वाढलेला तो एकच आकडा, आणि गल्लीत बसून रोज ऐकणाऱ्या मला तो दिसला नाही.

आता परत या जेसीबीपाशी.

त्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या माणसांनी नव्या फरशीची पातळी म्हणून जुन्या भिंतीवर लाल रेघ मारली होती. जमिनीपासून सहा फूट. काका कामावर आले. त्यांचा निवृत्तीचा महिना चालू होता, काम काही उरलं नव्हतं, तरी येत. ती रेघ त्यांनी पाहिली, खाली उभे राहिले, वर हात केला. रेघेच्या वर त्यांचा हात गेला. आणि ते आत जाऊन कडी लावून बसले.

"काका," मी खिडकीपाशी गेलो, "ऐका ना जी. चार फूट पाणी होतं. सहाला फरशी आहे. दोन फूट वर आहे."

"चार कोणं सांगतलं तुले?"

"तुम्हीच."

"मी आठ सांगतलं!"

"म्हणजे चारच ना."

  मग कडी निघाली. काका दारात उभे होते, अंगाने अजूनच बारीक झालेले.

"ये आत," ते म्हणाले. "साहेबाले पण घे. टेप आहे ना तुह्याजवळ? टेबल आण."

आत छताजवळ, भिंतीवर, जुनी लाकडी फ्यूजपेटी होती. कितीतरी वर्षांपूर्वी काकांनी ती खालून काढून तिथे इतक्या उंच लावली होती, "पाणी आलं तं फ्यूज वाचंन." तेव्हा सगळं खातं हसलं होतं, मीही. पाहणीच्या सकाळी चुना मारणाऱ्याने पेटीसकट भिंत रंगवली होती. झाकणाच्या फटी चुन्याने बंद. पुरापासून ती कुणी उघडली नव्हती.

"तुम्ही का नाही उघडली?" मी विचारलं.

"मी उघडली असती तं तुम्ही म्हटलं असतं, काकानं आत चिखल भरला."

म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

मी टेबलावर चढलो. चाकूने चुना कापला, झाकण ओढलं. कोरडा चुना माझ्या डोक्यावर पडला आणि मग खारून नदी. म्हणजे तिचा वाळलेला गाळ. पेटीत खालचे दोन फ्यूज मातीने भरलेले होते, एका फ्यूजच्या खाचेत छोटा शंख अडकलेला. वरचा फ्यूज स्वच्छ, पांढरा, जसा लावला तसा. दोघांच्या मधे, पेटीच्या पाठीच्या लाकडावर, एक सरळ रेघ. नदीने स्वतःच्या हाताने मारलेली, चुना न लागलेली.

मी टेप सोडला. खालचं टोक काकांनी जमिनीला लावून धरलं. साहेबांनी चष्मा चढवला.

"सात फीट ग्यारह इंच," साहेब म्हणाले.

"एक इंच गाळ फरशीवर तसाच ठेवला तुम्ही लोकांनी!" काका गरजले.

पण मग त्यांचा आवाज खाली गेला. टेपचं टोक धरून ते तसेच उकिडवे बसले होते. "पोट्ट्या, तुले वाटते मले माहीत नव्हतं? तीस वर्षं तुम्ही अर्धं लिहून राहिले. मले पहिल्या वर्षीच समजलं. पाच फूट सांगतलं तं अडीच लिहीत. मग मी दुप्पट सांगायला लागलो. वही बरोबर ठेवायची होती ना बापा. लोकं राहतात तिकडं."

मी टेबलावर उभा. हातात शंख. आमची हुशारी त्या शंखाएवढी झाली होती.

"मग त्या दिवशी काहून नाही सोळा सांगितलं?" मी विचारलं. आवाज माझाच चढला. "तुम्ही सोळा म्हटलं असतं तर मी आठ लिहिलं असतं!"

"त्या दिवशी भेव वाटलं," काका म्हणाले. "शिडीचे आठ दांडे पाण्यात गेले, मी मोजले. पाण्याले पाय लागत होता. भेव वाटलं का माणूस खरं बोलते. दुप्पट सुचलं नाई."

बाहेर जेसीबी घरघरत होता. साहेब पेटीतल्या रेघेकडे पाहत होते. मी टेबलावरून उतरलो. पुढचं वाक्य मलाच बोलायचं होतं. फॉर्मवर माझी सही. ती फरशी बांधली गेली असती, पॅनेल बसलं असतं, फीत कापली असती, आणि पुढच्या मोठ्या पुरात नवंकोरं पॅनेल दोन फूट पाण्याखाली आणि पारा पुन्हा शाळेत. आणि चौकशीत सगळे म्हणाले असते, काकाने आकडा सांगितला होता, त्याचं काय खरं.

"सर," मी म्हणालो, "इन्होंने सही बताया था. फॉर्म में चार मैंने लिखा. आधा मैंने किया."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, उघडलं, बंद केलं.

"लिखा आपने. साइन मैंने किया," ते म्हणाले. "और सच बताऊँ? मुझे तो लगा था, दो ही होगा. चार भी आपने बढ़ा के लिखा है."

जेसीबी त्या दिवशी परत गेला. ड्रायव्हरने जाताना काकांना हात केला. काकांनी गल्लीत सांगितलं की ड्रायव्हर रडला. तो रडला नाही, पण त्याने मशीन हळू चालवली, एवढं मी पाहिलं आहे.

नकाशा बदलला. आठ, अधिक दोन, दहा. फरशी दहा फुटांवर गेली. सल्लागाराचा फोन आला, इतकी उंच कशाला, म्हणून. मी त्याला फ्यूजपेटीचा फोटो पाठवला, शंखासकट. त्याचा पुन्हा फोन आला नाही. काम एका पावसाळ्याने लांबलं. त्या पावसाळ्यात मी रोज आभाळाकडे असा पाहायचो, जशा काकू काकांच्या ताटाकडे पाहायच्या. नदी नशिबाने घरी बसली.

काकांचा निरोप समारंभ मधल्या काळात झाला. हार, नारळ, शाल, आणि भाषणासाठी माइक. माइक काकांच्या हातात देणं ही आमची दुसरी मोठी चूक. काका म्हणाले, "मी फक्त दोन शब्द बोलीन," आणि त्या दोन शब्दांतच स्पीकर गेला. पुढचं ते माइकशिवाय बोलले आणि जास्त स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी सांगितलं की नवी फरशी वीस फुटांवर आहे. सभागृहातल्या सगळ्यांनी मनात दहा लिहून घेतले. बड्या बाबूंनी तर मान डोलावली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला खात्रीने सांगता येतं की त्यांनी डोळा मारला. चष्म्यामुळे दोनदा मारल्यासारखा दिसला.

नवं पंपघर झाल्यावर मी त्यांना पाहायला घेऊन गेलो. पॅनेलच्या खोलीला भरपूर पायऱ्या. काका अर्ध्यात बसले. "इतकं उंच कोणं सांगतलं बांधायले?"

"तुम्हीच, काका."

"मंग बरोबर आहे," म्हणाले आणि उठले. वर गेल्यावर त्यांनी मोटारी शोधल्या. मोटारी खाली विहिरीत, पाण्याखाली, दिसायची सोय नाही. इथे फक्त बटणं आणि हिरवे दिवे. काका जाळीतून विहिरीत बराच वेळ पाहत राहिले. मग जरा वाकले आणि म्हणाले, "आपण आत आहात का?"

"काका, या तर नवीन आहेत. यांना 'तू' चालेल."

"ओळख नाई, पाळख नाई, तोंड पाहिलं नाई. 'तू' कसं म्हणू?" मी बटण दाबलं. खालून कुठूनतरी गुणगुण आली, भिंतीपलीकडे कुणी अंगाई म्हणावी तशी. काकांनी कान लावला. "इतकं हळू?" त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "इथं बसणाऱ्याचा आवाज बसून जाईल."

पुढच्या पावसाळ्यात खारून पुन्हा चढली. मागच्याइतकी नाही, पण चढली. सकाळी फाटक पाडलं, मोटारी लावल्या. वाकून. काठच्या पाऱ्यातून कुणी शाळेत गेलं नाही. दुपारी पंपघरात काकांचा फोन आला, मी हातभर लांब धरला.

"किती?"

"थांबा, पाहून सांगतो." मी रेनकोट चढवला, पायऱ्या उतरलो, नव्या भिंतीला टेप लावला. दोनदा लावला. वर आलो, वहीत लिहिलं, आणि मग काही न फुगवता, काही न कापता, जन्मात पहिल्यांदा अगदी जसंच्या तसं सांगितलं, "काका, बाहेर चार फूट आहे. फरशीला सहा बाकी आहेत. चार. टेप लावून चार."

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. तात्यापाऱ्यात घरी बसून त्यांनी स्वतःची वही ठेवली आहे, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे आठ," ते म्हणाले.